आधी उलटून दाखवा

टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा लागली की आपण मुकाट्याने परीक्षकाच्या जिभेवर भरवसा ठेवतो. तो डोळे मिटतो, मान डोलावतो, मीठ कमी पडलंय म्हणतो. आपण काय बोलणार? घास त्याच्या तोंडात. गाण्याच्या स्पर्धेत कान आपल्यालाही असतात, पण कोमल निषाद लागला की नाही हे सांगणाऱ्यापुढे निम्मं घर गप्प होतं. शिवणाच्या स्पर्धेत मात्र गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कारण उघड आहे. या देशात जन्मलेल्या प्रत्येकाचा आयुष्यात एकदा तरी टेलरने घात केलेला असतो. गळा सांगितला एक, आला दुसरा. बाही कोपरापर्यंत हवी होती, ती दंडावरच दमली. मुलगा वाढेल म्हणून मुंजीचा सदरा जरा सैल शिवायला टाकला, तर मुलगा कॉलेजात गेला तरी सदऱ्यात आणखी एका बटूची सोय शिल्लक. एवढ्या अनुभवी फिर्यादींपुढे परीक्षक म्हणून उभं राहायला छाती लागते, आणि तिचंही माप नीट घेतलेलं असावं लागतं.

आमच्या बोईसरच्या इमारतीत हे प्रकरण शिरलं ते ‘द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी’मुळे. बीबीसीवर हा कार्यक्रम एप्रिल 2013 मध्ये सुरू झाला. नेमक्या त्याच महिन्यात विरारची लोकल डहाणूपर्यंत यायला लागली होती, त्यामुळे विलायतेत कोण काय शिवतंय याकडे बघायला इकडे कुणाला सवड नव्हती. आम्ही सगळ्याजणी चौथी सीट मिळते का ते बघत होतो. पुढे डेटा स्वस्त झाला, माझ्या मुलीला कॉलेजच्या अभ्यासातून हे कार्यक्रम सापडले (अभ्यासातून हा तिचा शब्द) आणि तिने फोन टीव्हीला जोडून दिला. तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये जे भरतं त्याला न्यायालय म्हणायला मी तयार नाही. न्यायालयात एका वेळी एकच जण बोलतो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पर्धक सगळे हौशी. प्रत्येक भागात तीन परीक्षा. पहिलीत सगळ्यांना एकच कागदी पॅटर्न देतात आणि त्यावरून कपडा शिवायचा. दुसरीत जुने कपडे, पडदे, चादरी असलं काहीबाही पुढ्यात टाकतात आणि दीड तासात त्यातून अंगावर घालण्याजोगं काहीतरी काढायला सांगतात. तिसरीत चालत्याबोलत्या मॉडेलच्या मापाचं शिवायचं. पहिले दोन निकाल पुतळ्यावर लागतात, तिसरा माणसावर. भागाच्या शेवटी एका कपड्याला आठवड्यातला सर्वोत्तम ठरवतात आणि एका स्पर्धकाला घरी पाठवतात. पर्वाच्या शेवटी जो उरतो त्याला ट्रॉफी.

“आणि पैसे?” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं.

पैसे नाहीत. रोख बक्षीसच नाही. यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती त्या कार्यक्रमातल्या कुठल्याही निकालाला पसरली नसेल.

“निदान पैठणी?”

प्रश्न रास्त होता. ‘होम मिनिस्टर’ 2004 साली सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बायकांची अशी पक्की समजूत आहे की टीव्हीवाले घरात आले आणि आपण चार खेळ खेळलो की शेवटी पैठणी निघतेच. तिथे निकालावर वाद नसायचा, कारण फुगा फुटला म्हणजे फुटला. 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’ करून अकरा लाखांची पैठणी लावली तेव्हा मात्र सगळीकडे वाद पेटला, एवढी महाग साडी असावी का यावर. आमच्या वहिनींना त्या वादात रस नव्हता. त्या ब्लाऊज शिवण्याचा व्यवसाय करतात. त्यांना एकच काळजी होती की अकरा लाखांच्या पैठणीच्या ब्लाऊजपीसला कात्री लावायची हिंमत कुठल्या बाईमाणसाची होणार, आणि गळा अर्धा इंच जास्त कापला गेला तर ती कुठल्या गावाला जाणार.

आता परीक्षक. पॅट्रिक ग्रँट हे लंडनमधल्या सॅव्हिल रो या नामांकित शिंपी गल्लीतल्या ‘नॉर्टन अँड सन्स’ या जुन्या पेढीचे. दाढी राखलेले, सूट असा की खांद्यावर पाणी ओतलं तरी थेंब सरळ रेषेत खाली यावा. त्यांच्या जोडीला आधी मे मार्टिन नावाच्या शिवण शिकवणाऱ्या बाई होत्या. 2016 पासून एस्मी यंग आल्या. काळे सरळ कापलेले केस, गोल चष्मा, आणि चष्म्याच्या वरून बघायची अशी एक पद्धत की इकडे आमच्या घरात काज नीट न झालेला माणूस दचकून आपला शर्ट चाचपतो. दोघेही ओरडत नाहीत. दोघेही रडत नाहीत. आपल्याकडे परीक्षक उठून उभे राहतात, डोळे टिपतात, स्पर्धकाच्या आईला स्टेजवर बोलावतात. ‘एकापेक्षा एक’ने तर ‘महागुरू’ असं पदच निर्माण केलं. त्या सवयीने आमच्याकडच्या मंडळींना सुरुवातीला वाटलं की निकाल अजून लागायचाच आहे. तो लागून गेलेला असायचा.

ही अडचण माझ्या सासूबाईंनी सोडवली. त्या केळव्याच्या. पायमशीनवर अर्धं आयुष्य गेलं. इंग्रजी येत नाही आणि त्याची खंतही नाही. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, “आवाज बंद कर गं. बोलण्यात काय शिवण दिसणार आहे?” आवाज बंद झाला, आणि मग कळलं की हा कार्यक्रम बघायची खरी रीत हीच. सासूबाई स्पर्धकाकडे बघत नाहीत, कपड्याकडेही फारसं नाही, त्या पॅट्रिक ग्रँटच्या बोटांकडे बघतात. बोटं कॉलरवरून सरळ घसरली तर पास. मुंढ्यापाशी थांबली तर गडबड आहे. आणि त्याने खालचा घेर उचलून आतली बाजू बघितली की सासूबाई पुढे सरकून बसतात. “हा शिकलेला आहे,” त्या म्हणाल्या. “सातपाटीला पापलेट घेताना आपण त्याच्या तोंडाकडे बघतो का? कल्ला उचलतो. तसंच आहे हे.” त्यानंतर निकालाआधी निकाल सांगायची त्यांना सवय लागली, आणि तो इतक्यांदा जुळायला लागला की माझ्या मुलीला संशय आला, आजी दुपारी एकटी असताना पुढचे भाग बघून ठेवते की काय.

बाकीच्या मंडळींचे पंथ वेगळे. भाऊजी, म्हणजे यांचे मित्र, तारापूर एमआयडीसीत एका कापड कारखान्यात चेकर आहेत. बाहेरच्यांना तारापूर म्हटलं की अणुऊर्जा आणि केमिकल एवढंच आठवतं. पण सियारामचं सूटिंग-शर्टिंग, डी’डेकॉरचे पडदे अशी पुष्कळ कापडंही याच पट्ट्यातून निघतात. भाऊजींचं काम म्हणजे दिव्याच्या उजेडात टेबलावरून सरकणाऱ्या ताग्याकडे बघत राहणं आणि खोट दिसली की खूण करणं. या कामाला जगभर एक चार गुणांची पद्धत आहे. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला 1 गुण, तीन ते सहाला 2, सहा ते नऊला 3, त्यापुढे 4. एका वारात चारपेक्षा जास्त मोजायचे नाहीत. शंभर चौरस वारांत साधारण चाळिसाच्या आत बसलं की माल पास. म्हणजे इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. भाऊजी याच हिशेबाने टीव्ही बघतात. एखादीने रेशमी गाऊन शिवून मॉडेलला घातला, सगळा हॉल “अगं बाई!” म्हणाला, की भाऊजी थंडपणे म्हणतात, “सात.” कौतुकाला त्यांच्याकडे रकानाच नाही. बायकोने नवीन साडी नेसून कशी दिसते विचारलं तेव्हाही ते पदराकडे वाकले होते, असं त्यांची बायकोच सांगते.

तिसरा पंथ काकांचा. काका टॅप्स कॉलनीतून निवृत्त झालेले. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र (टॅप्स ते हेच) 1969 साली सुरू झालं, काका त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागले, पण बोलतात असं की पहिलं बटण त्यांनीच दाबलं. त्यांचं सगळं आयुष्य गुणवत्ता तपासण्यात गेलं. तिथे पाइपाचा सांधा वेल्ड केला की वरून किती देखणा आहे हे कुणी विचारत नाही. त्याचा एक्स-रे काढतात, आत पोकळी दिसली की सांधा कापून पुन्हा. तेव्हा पॅट्रिक ग्रँटचं नुसतं बोट फिरवणं काकांना मुळीच मान्य नाही. “ओढून बघितली का शिलाई? किती किलोला फाटली? नोंद कुठे आहे?” असा त्यांचा आक्षेप. मुलगी म्हणाली, “काका, तो स्कर्ट आहे.” काका म्हणाले, “स्कर्टालाच जास्त धोका.” यावर बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि काकांचा मुद्दा आश्चर्यकारकरीत्या बहुमताने मंजूर झाला.

चौथा पंथ माझ्या मुलीचा आणि तिच्या मैत्रिणींचा. त्यांना आतली बाजू, टीप, माया वगैरे काही नको. त्यांना ‘लुक’ हवा. कपडा फोटोत कसा येतो, एवढंच. त्यांनी अमेरिकेचं ‘प्रोजेक्ट रनवे’ही पाहिलंय, नेटफ्लिक्सवरचं ‘नेक्स्ट इन फॅशन’ही. तिथे अर्धा कपडा पिनांवर उभा असला तरी कल्पना भारी आहे म्हणून परीक्षक खूश होतात. सासूबाईंनी त्यातला एक भाग पाहिला. सगळी पात्रं रॅम्पवरून चालून गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “हे घालून ती खाली बसणार कशी?”

खरं भांडण पेटतं ते इथेच, आणि ते प्रत्येक पर्वात पेटतं. एक स्पर्धक साधा कपडा घेते आणि तो बिनचूक शिवते. दुसरी भलतंच अवघड अंगावर घेते, कॉलर, खिसे, अस्तर, काय न् काय, आणि शेवटी अस्तर खालून जीभ काढतं. परीक्षक बऱ्याचदा दुसरीला सांभाळून घेतात. धाडसाला गुण. आमच्या हॉलची यावर उभी फाळणी होते. भाऊजी आणि काका एका बाजूला; लटकलेलं अस्तर म्हणजे लटकलेलं अस्तर, धाडस जाहिरातीत दाखवा. मुली दुसऱ्या बाजूला. मी तळ्यात-मळ्यात. हे भांडण सोमवारी सकाळी लोकलच्या लेडीज डब्यातही चढतं, कारण आमच्या इमारतीतल्या दोघीजणी पालघरला नोकरी करतात आणि त्यांनी बघता बघता निम्मा डबा या कार्यक्रमाच्या नादी लावलाय. बँकेतल्या एकीचं म्हणणं, अवघड घेतलं म्हणून गुण द्यायचे तर माझ्या नवऱ्याला दर वर्षी पदक मिळायला हवं, तो दर वर्षी घराचं रंगकाम स्वतः करायचं ठरवतो. शाळेतल्या बाई म्हणतात, नेहमी साधंच शिवणारी पुढे शिकणार कधी? दोन्ही बाजूंना दम आहे. उमरोळी गेलं की वाद मिटतो. पालघरला उतरायचं असतं, दाराशी आधी पोहोचायचं असतं आणि तिथे धाडसालाच गुण असतात.

माझं मत विचाराल तर मी वहिनींकडे बघते. आमच्यातल्या शिवणावर पोट चालवणाऱ्या त्या एकट्या, आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्याही त्याच. स्पर्धकाने चूक केली की बाकीचे ओरडतात. वहिनी तेव्हा तिच्या हातातला उसवणारा हुक बघतात. त्यांचं परीक्षण तिथे चालतं. “शिवताना सगळे सारखेच दिसतात,” त्या एकदा म्हणाल्या. “उसवताना बघा. जी रागाने ओढते तिचं कापड फाटतं. जी एकेक टाका सोडवते ती फायनलला जाते.” मी तेव्हापासून हेच बघते आणि परीक्षकांपेक्षा वहिनींवर माझा विश्वास बसत चाललाय. दिवसाकाठी गिऱ्हाइकांचे किती ब्लाऊज त्या उसवत असतील, आणि त्यातले किती दुसऱ्या टेलरने बिघडवलेले असतील, हे त्या सांगत नाहीत. धंद्याची मर्यादा आहे.

काही निकालांनी मात्र सगळे पंथ एकत्र आणले. पहिल्या पर्वात जिंकल्या त्या ॲन रॉली, ऐंशी पार केलेल्या आजी. सासूबाईंनी टीव्हीकडे बघून समाधानाने पाय वर घेतले आणि त्या दिवशी चहा माझ्या मुलीने केला. 2015 मध्ये मॅट चॅपल जिंकला, तिथला पहिला पुरुष विजेता, म्हणून तिकडे केवढं कौतुक झालं. ते कौतुक आमच्याकडे कुणाला कळेच ना. आमच्या स्टेशन रोडवर ‘लेडीज टेलर’ अशी पाटी दिसली की आत गळ्यात टेप टाकलेला, मिशीवाला मास्तर बसलेला असणार हे लहान पोरालाही माहीत. बायांचे ब्लाऊज पुरुषांनी शिवायचे आणि पुरुषांच्या शर्टाची तुटलेली बटणं बायांनी लावायची, अशी आपली जुनी वाटणी आहे. तिकडे काय नवल?

2023 ची विजेती आस्मा अल-अलाक ही तर शल्यविशारद निघाली. भाऊजींनी ताबडतोब हरकत घेतली. स्पर्धा हौशींची, रोज टाके घालून पगार घेणारी बाई हौशी कशी? काकांनी नियमावली मागितली. वाद रंगला, आणि सासूबाईंनी तो एका वाक्यात बंद केला. “कापडाला दोन बोटं माया ठेवता येते. माणूस कापताना ठेवता येत नाही. जिंकू दे तिला.”

एक बाजूची गोष्ट सांगते. हे पॅट्रिक ग्रँट नुसते परीक्षक नाहीत. ब्रिटनमधले उरलेसुरले कापड कारखाने चालते राहावेत म्हणून त्यांनी 2016 मध्ये ‘कम्युनिटी क्लोदिंग’ ही कंपनी काढली, तीही ब्लॅकबर्नची. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायर. एके काळी याच लँकेशायरच्या कापडाने आपल्याकडचे माग बंद पाडले, विलायती कपड्यांची होळी पुण्यात 1905 साली पेटली ती त्याच रागाने. आता तिथला माणूस आपल्या लोकांना सांगतो, गावात विणलेलं घ्या, थोडंच घ्या, टिकाऊ घ्या. आणि इकडे तारापूरचे माग तिन्ही पाळ्यांत खडखडतायत. मी हे सांगितल्यावर काका बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, “शंभर वर्षं थांबलं की सगळं अल्टर होतं.”

मात्र त्या कार्यक्रमातल्या दुसऱ्या परीक्षेचं, त्या दीड तासात जुन्याचं नवं करायच्या प्रकाराचं, आमच्याकडे कुणालाच अप्रूप नाही. साडी विरली की तिचा परकर, परकर विरला की उशीचे अभ्रे, त्यातून उरलं त्याच्या पिशव्या, आणि पिशवीचे बंद तुटले की तिचं मशीन पुसायचं फडकं. मऊसूत राहिलेले तुकडे गोधडीत. ही परीक्षा सासूबाईंच्या पिढीने जन्मभर दिली आणि त्यांना कुणी आठवड्यातली सर्वोत्तम म्हटलं नाही. आजच्या काळात या प्रकारातली आपली सगळ्यांत मोठी कामगिरी म्हणजे शिवलेली नऊवारी. नऊ वार न शिवता नेसायचं हेच ज्या वस्त्राचं कसब, ते आता इलॅस्टिक, चेन आणि हुक लावून तयार मिळतं. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, हवा तो प्रकार सांगा. पाच मिनिटांत पायात घालायची की झाला काष्टा. सासूबाईंच्या मते ही पायजम्याची पैठणी. मुलीच्या मते क्रांती. वहिनींच्या मते लग्नसराईतला अर्धा धंदा. मी पालघरच्या एका लग्नात करवलीच्या पोशाखात ऐन सप्तपदीला मागचा काष्टा उसवताना पाहिलाय, तेव्हा माझं मत मी राखून ठेवते. एवढं मात्र खरं की एस्मी यंग यांना एकदा हे काम देऊन बघायला हवं: नऊ वार, दीड तास, आणि चष्म्याच्या वरून बघणाऱ्या आमच्या सासूबाई.

आणि तो दीड तास! वेळ संपली म्हटलं की तिथे खरंच संपते. सगळे हात वर करतात. ज्याची एकच बाही लागलीय त्याचा कपडा एकाच बाहीने पुतळ्यावर उभा राहतो, आणि परीक्षक त्या दुसऱ्या खांद्याकडे अशा दुःखाने बघतात की आमच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे हे चालणारच नाही. आपल्याकडच्या मास्तरांची वेळ कधी संपतच नाही. “फक्त काज-बटण राहिलंय.” “कारागीर गावाला गेलाय.” “तुमचंच मशीनवर आहे.” हे तिसरं वाक्य ऐकताना आपलं कापड मागच्या फळीवर पावतीसकट घडी घालून बसलेलं आपल्याला दिसत असतं. दिवाळीच्या आधी ‘ऑर्डर घेणे बंद आहे’ अशी पाटी लागते आणि तिच्याखाली उभं राहून मास्तर आणखी ऑर्डरी घेत असतात. बीबीसीने आमच्याकडच्या एखाद्या मास्तरांना बोलावलं तर पर्व संपायला दुसरं पर्व उजाडेल, पण शेवटचा कपडा असा येईल की ग्रँटसाहेबांचं बोट कुठेच थांबणार नाही. ही माणसं उशीर करतात, शिवण वाईट नाही करत. बहुतेक.

एकदा ऐन निकालाला वीज गेली. शेजारी अणुऊर्जा केंद्र आणि घरात मेणबत्ती, हा बोईसरचा जुना विनोद कुणीतरी केलाच, आणि काकांनी दर वेळेप्रमाणे ग्रीड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पण फोन चालू होता. मग सगळे त्या सहा इंची पडद्यावर वाकले. आणि गंमत अशी झाली की त्या दिवशी कुणाचाच वाद झाला नाही. सहा इंचांत सगळ्यांचीच शिलाई सरळ दिसते. भाऊजींनी शून्य गुण दिले, त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. वीज आल्यावर तोच कपडा मोठ्या पडद्यावर पाहिला तर चौकडा बाजूच्या शिवणीवर दोन बोटं खाली-वर. त्यानंतर भाऊजींचा आग्रह आहे की परीक्षक व्हायचं तर टीव्ही बेचाळीस इंचांच्या खाली नको.

तिसऱ्या परीक्षेतल्या मॉडेलबद्दलही तक्रार आहे. ती हसते, गिरकी घेते, आणि काही बोलत नाही. कपडा अंगावर बसला की नाही हे परीक्षकच सांगतात, जिच्या अंगात तो आहे तिला कुणी विचारत नाही! आमच्या वहिनींकडचं गिऱ्हाईक ट्रायलला आलं की पहिल्या हुकापासून बोलायला लागतं. इथे काचतंय. इथे फुगतंय. तुम्ही माप घेतलंत तेव्हा माझं पोट आत होतं. वर म्हणायचं, मागच्या खेपेला दिलेल्या मापाच्या ब्लाऊजवरून शिवायला सांगितलं होतं, तो ब्लाऊज सात वर्षांपूर्वीचा आहे हे का नाही ओळखलंत? या सगळ्यातून पार पडलेला ब्लाऊज हा खरा पार पडलेला. आणि त्यालाही शेवटची एक कसोटी आहे, जी विलायतेत माहीत नाही. तो घालून डहाणू लोकलमध्ये चढायचं आणि वरची कडी धरायची. हात वर गेला आणि मुंढा ओढला नाही, पाठीची शिवण बोलली नाही, तर शिवणारी बाई जिंकली. बोईसर ते विरार असं उभ्याने जाऊन दाखवलं तर तिला ट्रॉफी द्यायला माझी हरकत नाही.

आपल्याकडे गाणी, नाच, स्वयंपाक, विनोद सगळ्यांच्या स्पर्धा टीव्हीवर झाल्या, शिवणाची एखादी धड मराठी स्पर्धा मात्र माझ्या पाहण्यात नाही. खरं तर माणसं हवी तेवढी आहेत. आयटीआयमधून वर्षाचा शिवणाचा अभ्यासक्रम करून दर वर्षी मुली बाहेर पडतात, बचत गटांत मशीन चालतात, विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीही आहे. उद्या कुठल्या वाहिनीला ही बुद्धी झालीच तर आमच्या हॉलने काही अटी ठरवून ठेवल्यात. परीक्षकांत एक तरी असा हवा ज्याने गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात. कौतुकाच्या आधी कपडा उलटून दाखवायचा, कॅमेऱ्यासमोर, जवळून. आई, नवरा, गुरुजी यांना स्टेजवर बोलवायचं नाही. मशीनचा तेलाचा डबा सोडून स्पर्धकासोबत कुणी नको. बक्षीस रोख द्या, पैठणी नको, तिचा ब्लाऊज पुन्हा त्याच बाईला शिवावा लागेल.

यावर काका, भाऊजी, मुली सगळ्यांच्या सह्या आहेत. सासूबाईंनी सही करण्याआधी शेवटची एक अट घातली आणि ती मी वाहिनीवाल्यांना त्यांच्याच शब्दांत कळवते: निकाल त्याच दिवशी लावू नका. कपडा एकदा पाण्यातून काढा, उन्हात वाळवा, मग बघा. अस्तर आटलं तर ट्रॉफी परत घ्या.